एकोणीस वर्षं नवीन

दुसऱ्यांची प्रोफाइल वाचायचा मला नाद लागला होता. नोकरी गेलेल्या बाईने खरं तर नोकरी शोधायची, पण मी सकाळची भांडी आटपली की फोन घेऊन बसायची आणि नोकरीवाल्या त्या साइटवर लोकांची आयुष्यं वाचत राहायची. कोण कुठे शिकलं, कुठे चिकटलं, दोन नोकऱ्यांच्या मधल्या वर्षात काय करत होतं. मला त्या मधल्या वर्षाचंच कुतूहल जास्त. नवरा म्हणायचा, तू नोकरी शोधतेयस की पोरीला स्थळ? मी म्हणायची, फरक काय ते आधी सांग. फोटो, शिक्षण, अनुभव, अपेक्षा, सगळं तेच तर आहे.

त्या साइटवर सगळे पुरुष हाताची घडी घालून उभे असतात. आणि सगळ्यांना सगळं कळवताना आनंद होत असतो. प्रमोशन मिळालं, आनंद होत आहे. सर्टिफिकेट मिळालं, आनंद होत आहे. एकाने तर नोकरी सुटल्याचंसुद्धा आनंदाने कळवलं होतं. मला कळेना, ही माणसं घरी पण अशीच बोलतात की काय. एकदा मी नवऱ्याला म्हणून बघितलं, "भेंडी चिरून झाल्याचं कळवताना मला आनंद होत आहे." तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "मग टाक फोडणीला."

माझी स्वतःची प्रोफाइल मात्र बघवत नव्हती. फोटो भाचीच्या लग्नातला, त्यात माझ्या खांद्यावर नणंदेचा अर्धा हात राहिलेला. नावाखाली मी लिहिलं होतं, "प्रामाणिक आणि कष्टाळू". आणि कामाच्या रकान्यात, "जीन्स कारखाना, उल्हासनगर". संपलं. एकोणीस वर्षांचं एवढंच झालं होतं.

आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहतो. आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई आहे, ठाण्याच्या एका ऑफिसात कंपन्यांना माणसं शोधून द्यायचं काम करते. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, दोन मुलांची आई, दिवसभर लोकांच्या प्रोफाइल चाळून डोळे चुरचुरतात म्हणून रविवारी फोन कपाटात ठेवणारी. तिनेच मला सांगितलं की अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कपडे एक्स्पोर्ट करणाऱ्या कंपनीला कापड तपासायला माणूस हवंय. अर्ज त्या साइटवरूनच करायचा. "ताई, तुमच्यासाठीच आहे बघा ही," ती म्हणाली. "पण ही असली प्रोफाइल पाठवू नका. मी स्वतः असती तर दोन सेकंदांत पुढे गेली असती."

मला राग आला, पण ती खरं बोलत होती.

ती नोकरी मला हवी होती. का, तेही सांगते. माझं वय सेहेचाळीस. एकट्या नवऱ्याच्या पगारात घर चालत होतं, पण ओढाताण होत होती आणि मोठीचं कॉलेज तोंडावर होतं. हे तर आहेच. पण त्याहून मोठं कारण म्हणजे मला घरात बसवत नव्हतं. मी पडद्यांचं कापड चिमटीत धरून बघायची, शेजारणीच्या ड्रेसची शिलाई उलटी करून बघायची. नोकरीवाल्या साइटवर माझ्या वयाच्या बाईला कोणी विचारत नाही हे मला दोन महिन्यांत कळून चुकलं होतं. ही गेली तर दुसरी येणार नाही, याची मला खात्री होती.

तर एका रविवारी वरची खाली आली, तिने स्वयंपाकघरात पाट घेतला आणि माझी उलटतपासणी सुरू केली.

"प्रामाणिक, कष्टाळू, हे काढून टाका. तिथे सगळेच प्रामाणिक असतात. तुमचं पद काय होतं?"

खरंच, काय होतं माझं पद? कारागीर मला दीदी म्हणायचे. वॉशिंगवाले मॅडम म्हणायचे. शेठ "अरे बेटा" म्हणून हाक मारायचा. कॅम्प तीनच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरचा कारखाना, खाली दोऱ्या-चेनचं दुकान, वर आम्ही. तिथे कोणाला नेमणुकीचं पत्र मिळालंय असं मी ऐकलं नाही. तोंडी बोलणं व्हायचं आणि माणूस वीस वर्षं टिकायचा.

"बरं, पद राहू दे. सकाळी गेल्यावर पहिलं काय करायच्या?"

"चहा."

"आणि मग?"

"मग आलेले तागे बघायची."

"कसे?"

आता कसे म्हणजे काय सांगायचं. पण ती सोडेना, म्हणून मी तिला गोधडीचं सांगितलं. जीन्सचं कापड तागा-तागा वेगळं निघतं. कोरं असताना सगळं एकसारखं निळं. धुतलं की एक तागा निळाच राहतो, दुसरा जरासा हिरवट, तिसरा करडा. आक्रसतो पण प्रत्येक जण आपापल्या मर्जीने. मी लागले त्या वर्षी आमचा एक अख्खा लॉट परत आला होता, कारण पँटचा एक पाय एका ताग्याचा आणि दुसरा दुसऱ्याचा. शेठ त्या गठ्ठ्यांवर नुसता बसून राहिला होता, जेवलाही नाही. मला ते बघवेना. मग मी प्रत्येक ताग्याचा वीतभर तुकडा कापायला लागले, सगळे तुकडे ओळीने एकमेकांना शिवायचे, आईच्या गोधडीसारखे, आणि ती गोधडी वॉशिंगला पाठवायची. धुऊन आली की गच्चीच्या दारात उजेडात धरायची. जे तुकडे एकमेकांत मिसळून गेले, ते तागे एका लॉटला. जो तुकडा डोळ्यात आला, तो वेगळा. ते झाल्याशिवाय मी कटिंग मास्तरला कात्री लावू द्यायची नाही. तो चिडायचा, मीही चिडायची.

वरचीने माझ्या फोनवर काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. परदेशातली कुठलीतरी प्रयोगशाळा होती. पांढरा कोट घातलेला एक माणूस, हातात मोजे, वीतभर तुकडे एकमेकांना शिवत होता. खाली इंग्रजीत त्या प्रकाराचं नाव होतं: शेड ब्लँकेट.

"ताई, हीच तुमची गोधडी."

मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला. माझ्या गोधडीला इंग्रजी नाव होतं, आणि ते पण गोधडीच. जगात कुठे कुठे माणसं हे करत होती आणि मला पत्ताच नाही. मला वाटायचं, ही फक्त माझी लहर. मग मी एकेक शोधत बसले. आक्रसण्याला काय म्हणतात, शिवण एका बाजूला फिरते त्याला काय म्हणतात, धुतल्यावर कापडावर रेघा येतात त्याला काय म्हणतात. प्रत्येकाला नाव निघालं. दुपारचं जेवण त्या दिवशी नवऱ्याने वाढलं, आणि आम्हा दोघींना वाढलं.

वरचीने नावाखाली लिहिलं: कापड गुणवत्ता तपासणी, डेनिम, एकोणीस वर्षं. घरात पोछ्यासाठी कारखान्यातून आणलेली तसली एक जुनी गोधडी होती, ती धुऊन, गॅलरीच्या कठड्यावर पसरून तिचा फोटो काढला आणि प्रोफाइलवर टाकला. माझाही नवीन फोटो काढला. हाताची घडी घालायला मी साफ नकार दिला. ती म्हणाली, किती टक्के नुकसान कमी केलं तो आकडा टाकू या. मी म्हटलं, माझ्याकडे आकडा नाही, आणि मनाने बनवणार नाही. मग तिने लिहिलं की ही पद्धत सुरू केल्यानंतर रंगाच्या फरकासाठी एकही लॉट परत आला नाही. ते शंभर टक्के खरं होतं, म्हणून मी राहू दिलं.

"आता शिफारस," ती म्हणाली. "तुमच्या शेठला लिहायला सांगा ना दोन ओळी."

मी हसले. शेठने माझ्याबद्दल दोन ओळी चांगल्या बोलायच्या? एकोणीस वर्षांत ते झालं नव्हतं. दिल्लीहून, इंदूरहून व्यापारी यायचे, माल हातात घेऊन विचारायचे, सेठ, कपडा कौन देखता है आपके यहाँ? मी तीन हातांवर उभी असायची. शेठ माझ्याकडे न बघता म्हणायचा, "अरे, कोई नहीं, नई लड़की रखी है, सीख रही है." सत्ताविशीत म्हणाला, तेव्हा ठीक होतं. चाळिशी उलटली तरी मी आपली नवी लडकीच. आधी मला वाईट वाटायचं, मग मी त्याची चेष्टा करायला शिकले, पण आत कुठेतरी ते टोचत राहिलंच. एवढ्या वर्षांत या माणसाला माझं काम दिसलं नाही का, हा प्रश्न मी कितीतरी वेळा घरी येताना शेअर रिक्षात स्वतःला विचारला आहे.

"नको," मी वरचीला म्हटलं. "त्याला काही येतं का लिहायला."

अर्ज गेला. चार दिवसांनी बोलावणं आलं.

मुलाखत घेणारे साहेब पन्नाशीचे होते, शांत, मराठी बोलणारे. त्यांनी प्रोफाइलवरचा गोधडीचा फोटो छापून समोर ठेवला होता. म्हणाले, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, परत आलेल्या मालाने. मग त्यांनी धुतलेले सहा तुकडे टेबलावर टाकले आणि म्हणाले, जोड्या लावा. मी विचारलं, खिडकीपाशी नेऊ का, ट्यूबलाइटखाली कळायचं नाही. ते उठले आणि मला एका पेटीपाशी घेऊन गेले. आत वेगवेगळे दिवे, बटण दाबलं की दुपारचा उजेड, दुसरं दाबलं की दुकानातला, तिसरं दाबलं की संध्याकाळचा. बाई गं, मी कामाचं विसरले. त्या पेटीत डोकं घालून मी सगळी बटणं दोनदा दाबून बघितली. गच्चीच्या दारात ऊन यायची वाट बघत मी किती सकाळी घालवल्या होत्या, आणि इथे ऊन पेटीत भरून ठेवलं होतं. साहेब नुसते उभे होते, हसत. जोड्या मी लावल्या, बरोबर आल्या. त्यांनी मला शिवणाचा मजला दाखवला, कँटीन दाखवलं, आणि एका कागदावर जुन्या मालकाचं नाव आणि नंबर लिहायला सांगितला.

वरचीने मला दोनदा बजावलं होतं: ज्याचा नंबर द्याल, त्याला आधी कळवून ठेवा. मी कळवलं नाही. शेठला काय कळवायचं, एकोणीस वर्षांची ओळख, असं मी स्वतःशी म्हटलं. खरं कारण वेगळं होतं. मला त्याच्याकडे चांगलं बोलण्याची भीक मागायची नव्हती. खोटं तर काही तो बोलणार नाही, मी होते एवढं सांगेल, तेवढं मला पुरे होतं.

पाच दिवसांनी मेल आला. आपल्या अर्जाबद्दल आभार, यावेळी पुढे जाता येत नाही, वगैरे.

मी तो मेल वाचला आणि गव्हाचं दळण टाकायला गेले. गिरणीत उभी असताना मला रडू आलं, आणि गिरणीवाल्याने पीठ उडतंय समजून पंखा बंद केला. घरी आल्यावर मात्र माझं नेहमीचं सुरू झालं. का? जोड्या बरोबर आल्या होत्या. साहेबांनी कँटीन दाखवलं होतं, न घ्यायच्या माणसाला कोणी कँटीन दाखवतं का? वरची म्हणाली, ताई, कंपन्या कारण सांगत नाहीत, सोडून द्या. सोडून देणं मला जमत असतं तर मी लोकांची मधली वर्षं कशाला वाचत बसले असते. मी सरळ साहेबांना फोन लावला.

ते म्हणाले, "बाई, खरं सांगू का? मला तुम्ही आवडला होतात. पण तुमच्या मालकांना फोन केला, तर ते म्हणाले, नवीन आहे, धागे कापायला ठेवली होती, बाकी काही येत नाही. आणि तुम्ही एकोणीस वर्षं लिहिलीत. काम शिकवता येतं हो. पण खोटं लिहिणाऱ्या माणसाच्या हातात मी कापड कसं देऊ?" जागा शनिवारपर्यंत भरायची आहे, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

तो मंगळवार होता. मी तशीच निघाले. चपला कुठल्या घातल्या तेही बघितलं नाही. नोकरी गेली त्याचं दुःख मागेच राहिलं, मला खोटारडी ठरवलं याने डोकं सणकलं होतं. आणि तेवढंच मोठं कुतूहल होतं, खोटं कशाला सांगू. या म्हाताऱ्याचं मी काय घोडं मारलं होतं? एवढं खोटं बोलावंसं त्याला का वाटलं? उल्हासनगर स्टेशनपासून कॅम्प तीनपर्यंत रिक्षात मी मनात त्याच्याशी भांडून घेतलं, त्याच्या बाजूची उत्तरं पण मीच दिली.

कारखाना बंद करून मशिनं विकल्यापासून शेठ त्याच्या धाकट्या भावाच्या चादरींच्या दुकानात बसायचा. वय अडुसष्ट, कान जरा गेलेले. मला बघितल्यावर त्याचा चेहरा असा खुलला की मला आणखीच राग आला. त्यांच्यात, सिंधी लोकांत, आल्यागेल्याला आधी पापड आणि पाणी देतात. त्याने स्वतः उठून ताटली माझ्यासमोर ठेवली.

"शेठ, अंबरनाथहून फोन आला होता का तुम्हाला?"

"आया था ना," शेठ खुशीत म्हणाला. "कंपनीवाला था कोई. तेरा खोद-खोद के पूछ रहा था. कितना साल काम किया, क्या-क्या आता है. मैंने बोला, नई है, धागा काटती है, कुछ नहीं आता. भगा दिया." आणि पापडाची ताटली पुढे सरकवली. मोठं काम फत्ते केल्यासारखा बसला होता.

माझ्या तोंडून एकच शब्द निघाला. "का?"

"का म्हणजे? अच्छा आदमी का कोई तारीफ करता है क्या मार्केट में? आज तारीफ करो, कल दुसऱ्याकडे दिसतो." त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. कॅम्प पाचचा एक जण, त्याने माझं घर कुठे आहे ते कारागिरांना विचारलं होतं. दिल्लीवाला, त्याने तर शेठलाच विचारलं, मला दिल्लीला एक बाई हवी आहे अशी. आणि समोरच्या गल्लीतला, तो तर सख्खा मावसभाऊ. "सबको बोला, नई है. उन्नीस साल बोला. अपने भाई को भी वही बोला."

धाकटा भाऊ गल्ल्याच्या बाजूला एका गिऱ्हाइकासाठी डबल बेडची चादर उलगडत होता. त्याने मान हलवली, खरं आहे म्हणून.

खरं सांगते, आधी मला बरं वाटलं. एवढा राग घेऊन आले होते आणि मला चक्क बरं वाटलं. म्हणजे दिसत होतं याला, सगळं दिसत होतं. मी भोचकासारखं विचारलंसुद्धा, "दिल्लीवाला आणखी काय म्हणाला होता?" तो म्हणाला, "बोलता था, ऐसी नजर मैंने देखी नहीं." हे मला तेव्हा कळलं असतं तर मी त्या शेअर रिक्षात कितीतरी वेगळी बसले असते. आणि तिथेच माझा राग परत आला, आधीपेक्षा दुप्पट.

"शेठ, तुम्ही लपवलंत म्हणून आज मला कोणी ओळखत नाही. हे कळतंय का तुम्हाला? अंबरनाथचे ते साहेब मला खोटारडी समजतात. ती नोकरी माझी होती, तुम्ही घालवलीत."

त्याचा चेहरा उतरला. "नोकरी? तो चुराने वाला नहीं था?"

"चोरायला आता आहे काय तुमच्याकडे? कारखाना बंद होऊन चार महिने झाले."

"बंद किधर है," तो हळूच म्हणाला. भाऊ ऐकत नाही ना ते त्याने बघितलं. "चार मशीन रखी है गोडाउन में. बेचा नहीं. दिवाली के बाद चालू करूँगा, छोटा. तू नहीं होगी तो कपडा कौन देखेगा?"

मला वाटलं होतं की खोटं त्याने सवयीने सांगितलं. तसं नव्हतं. त्याने मला राखून ठेवलं होतं.

"चालू किया तो आएगी ना?"

त्या माणसाने मला सत्ताविसाव्या वर्षी, काही न विचारता, कापडावर हात ठेवू दिला होता. माझ्या गोधड्यांसाठी चांगले तागे कापले म्हणून एकदाही ओरडला नव्हता. मी "येईन" म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, आणि ती चार मशिनं धूळ खात पडली असती, आणि मी घरी. "बघू" म्हणून वेळ मारून नेणंही मला जमलं असतं. मी म्हटलं, "नाही शेठ. नाही येणार."

त्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग हात पुढे केला. "लगा फोन."

मी साहेबांना फोन लावून त्याच्या हातात दिला. कानाने कमी ऐकू येतं म्हणून तो नेहमी स्पीकरवर बोलतो, त्यामुळे सगळं दुकान ऐकत होतं. त्याने नाव सांगितलं आणि एका दमात बोलला. उन्नीस साल थी मेरे पास. कपडा वही देखती थी, दुसरा कोई नहीं. त्या दिवशी मी जे बोललो ते गलत होतं. साहेब पलीकडून शांतपणे म्हणाले, "शेठजी, त्या दिवशी तुम्ही एक सांगितलंत, आज दुसरं सांगताय. त्या बाई तुमच्यासमोर बसल्या असतील. मी यातलं खरं काय धरू?"

रास्त प्रश्न होता.

शेठने ताटली बाजूला केली. "साहब, उस दिन मेरे को चाहिए थी, इसलिए झूठ बोला," तो म्हणाला. "अब मेरे को नहीं चाहिए. मेरा कारखाना बंद है."

भावाच्या हातातली चादर तशीच राहिली. चार महिने रोज शेजारी बसून त्याने हे वाक्य ऐकलं नव्हतं. गिऱ्हाईक दुसरा रंग मागत होतं, त्याच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

साहेब म्हणाले, "शुक्रवारी पाठवा त्यांना." शेठ म्हणाला, भेजता हूँ, और सुनो, धुलाई के पहले काटने को मत बोलना उसको, झगडा करेगी. फोन मला परत दिला आणि भावाला म्हणाला, गिऱ्हाइकाला बघ.

शुक्रवारी साहेबांनी फार काही विचारलं नाही. पुढच्या सोमवारपासून मी अंबरनाथला जायला लागले.

रविवारी वरची खाली आली, नवीन नोकरी प्रोफाइलवर चढवायला. आनंद होत आहे असं लिहू का, म्हणून तिने मला चिडवलं. मग म्हणाली, जुन्या नोकरीचा शेवटचा महिना टाकावा लागेल, तिथे रिकामं ठेवता येत नाही. तिने मशिनं गेली तो एप्रिल टाकला. मी तिच्या हातातून फोन घेतला, एप्रिल काढला आणि ऑगस्ट टाकला, दुकानातून तो फोन लावला तो महिना.

"ताई, असं कसं," ती म्हणाली. "मधले चार महिने तुम्ही कुठे होतात त्याच्याकडे?"

मी म्हटलं, "होते."